भिंतीतल्या बाबांचा गुडघा

भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला पाय होते, आणि ते माझ्या बाबांचे होते.

हसू नका, आधी नीट सांगते. मी साखरेच्या कोठारात कामाला आहे. कोठार म्हणजे एक मोठी थोरली इमारत, जिला दार नाही आणि खिडकीही नाही. हे कोठार उभारणारे संस्थापक जीवशास्त्राचे मास्तर होते. आयुष्यभर पोरांना पेशी शिकवून त्यांच्या डोक्यात एक किडा शिरला. माणसांच्या कचेऱ्या पन्नास वर्षांत बुडतात, पेशी मात्र कोट्यवधी वर्षं विनातक्रार चालली आहे, तेव्हा कचेरी पेशीसारखी चालवायची! पेशीच्या भिंतीत म्हणे एक प्रथिन रोवलेलं असतं. त्याचं एक टोक बाहेर, एक आत. बाहेरून संप्रेरक येतं आणि त्याचं बाहेरचं टोक धरतं. ते स्वतः आत येत नाही. भिंतीतलं प्रथिन फक्त अंग वळवतं, त्याचं आतलं टोक हलतं, आणि तेवढ्यावर आतली प्रथिनं कामाला लागतात. “केवढी ही शिस्त!” असं म्हणताना मास्तरांचे डोळे भरून येत. मास्तरांचे डोळे भरले की समजावं, आता कुणाच्या तरी घरावर नांगर फिरणार.

तो आमच्या घरावर फिरला. मास्तरांना भिंतीत रोवायला माणूस हवा होता. खऱ्या प्रथिनासारखा तो भिंतीतून सात वेळा आतबाहेर ओवलेला हवा, असा त्यांचा हट्ट होता. गवंडी डोकं खाजवून म्हणाला, “मास्तर, सात वेळा नाही जमायचं. एकदाच घालतो, पण घट्ट घालतो.” बाबांची कंबर तेव्हा बारीक होती आणि त्यांना नोकरी हवी होती. आई आधीच गेलेली. गवंड्याने बाबांना कमरेपासून वर बाहेर आणि कमरेपासून खाली आत असं बसवलं, आणि भोवतीने मेण ओतलं. भिंत दोन थरांची, मधे हातभर मेण. बाहेर तोफ उडाली तरी आत ऐकू यायची नाही. मी तेव्हा सहा वर्षांची होते. आतला माणूस आतच राहणार हा मास्तरांचा दुसरा नियम, त्यामुळे मी, दादा आणि आत्या आत राहिलो. आज मी सदतीस वर्षांची आहे. बाबांचा चेहरा मला आठवत नव्हता. पाय मात्र पाठ होते. डाव्या अंगठ्याचं नख वाकडं वाढायचं, ते मीच कापायचे. टाचांना भेगा पडल्या की तेल लावायचे. बापाची सेवा म्हणाल तर मी अर्धीच केली, पण मन लावून केली.

आता आमचं काम कसं चालायचं ते ऐका. गावात कुणावर संकट आलं, जीव मुठीत घेऊन पळायची वेळ आली, की एक निरोप्या धावत भिंतीपाशी यायचा आणि बाबांचे दोन्ही हात घट्ट धरायचा. मास्तरांच्या तक्त्यात त्याचं नाव संप्रेरक. आम्ही त्याला धापाड्या म्हणायचो, कारण संकट घेऊन येणारा माणूस धापा टाकतच येणार. आमच्यापैकी कोणी त्याला पाहिलेलं नव्हतं. त्याने हात धरले की बाबांची कंबर वळायची, कमरेबरोबर आत उजवा गुडघा वळायचा, आणि बाबांच्या पायांखालच्या स्टुलाशेजारी बसलेल्या माझ्या खांद्याला तो लागायचा.

मी म्हणजे धावती. अठराव्या वर्षी ही जागा मिळाली. रिकामी असले की मला दादा आणि वहिनीला चिकटून बसावं लागे, तेही नियमानेच. ही दोघं एकमेकांपासून कधी सुटत नाहीत. एका ताटात जेवतात, त्याला शिंक आली की ही नाक पुसते. अशा जोडप्याला खेटून दिवसच्या दिवस बसणं काय असतं ते शत्रूलाही न कळो. “जरा सरकून बस गं, ह्यांना वारा लागत नाही,” वहिनी म्हणायची. सरकले की दादा ओरडायचा, “चिकटून बस, नियम आहे!”

माझ्या मुठीत एक शिळी चिठ्ठी असे. ताज्या चिठ्ठीला तीन पानं, तिकिटांसारखी भोकं पाडून जोडलेली. शिळीला दोनच. बाबांचा गुडघा खांद्याला लागला की माझी मूठ आपोआप उघडे, शिळी चिठ्ठी खाली पडे, आणि शेजारच्या टोपलीतली ताजी मी उचले. ताजी हातात आली की मी सुटले! दादा-वहिनीपासून वेगळी होऊन उठायचं आणि भिंतीच्या कडेकडेने धावायचं. कमरेला दोरी, दोरीला कडी, कडी भिंतीलगतच्या दांड्यात ओवलेली, म्हणून मधल्या चौकात जाता येत नसे. बावीस पावलांवर आत्या बसलेली. तिच्या पाठीवर हात ठेवायचा.

पाठीवर हात पडला की आत्या कागदाच्या पट्ट्या घेई, टोकाला टोक चिकटवून त्यांच्या कड्या करी आणि चौकात फेकी. माझा हात पाठीवर असेपर्यंत तिचे हात थांबत नसत. शेकड्याने कड्या उडायच्या. चौकात पोतीवाले काका झोपलेले असत. त्यांच्या अंगावर चार कड्या पडल्याशिवाय ते जागे होत नसत. तीन पडल्या तर कूस बदलत. चार पडल्या की उठून सगळ्या हमालांना हलवत, ते साखरेच्या मोठमोठ्या ढेपा फोडत आणि साखर पन्हळीतून भिंतीबाहेर सोडत. बाहेर एकाने हात धरायचे आणि आत चाळीस पोती रिकामी व्हायची, असा हा सगळा कारभार. साखर खाली पडल्यावर पुढे तिचं काय होतं हे विचारलं तर काका म्हणत, “ते आपलं खातं नाही.”

आणि हे थांबवायचं कोणी? मीच. हातातल्या चिठ्ठीचं तिसरं पान मी स्वतः फाडायचं. फाडलं की चिठ्ठी शिळी, मी आत्याच्या पाठीवरचा हात काढायचा आणि मुकाट्याने दादा-वहिनीजवळ परत. मला लहानपणापासून कागद फाडायची खोड. त्यामुळे मी ताजी चिठ्ठी फार वेळ ताजी ठेवूच शकत नसे. दहा-बारा श्वास झाले की बोटं आपोआप तिकडे जात. मास्तरांनी मला याच खोडीसाठी निवडलं होतं. थांबणं ज्याच्या स्वभावातच आहे त्याला थांबवायला वेगळा माणूस लागत नाही, असं ते म्हणायचे. मास्तर गेले, पण त्यांचे तक्ते अजून भिंतीवर आहेत.

मला माझ्या कामाचा गर्व होता, कशाला खोटं बोलू? गुडघा किती वळला, किती वेळ टेकला यावरून मी सांगायचे, आज धापाड्या दमलाय, आज लांबून आलाय, आज त्याचे हात गार आहेत. वहिनीशी पैज लावायचे. खरंखोटं करायला बाहेर कोण जाणार? त्यामुळे मी एकही पैज हरले नाही.

त्या दिवशी सकाळी गुडघा वळला. मी चिठ्ठी टाकली, चिठ्ठी उचलली, धावले, हात ठेवला, कड्या उडाल्या, काका उठले, पान फाडलं, परत आले. बघते तर गुडघा वळलेलाच! एरवी धापाड्या दोन श्वासांत हात सोडायचा. मी पुन्हा टाकली, पुन्हा उचलली, पुन्हा धावले. परत आले तरी गुडघा तसाच. जेवणाच्या घंटेपर्यंत माझ्या चाळीस खेपा झाल्या.

“आज गावात काय भूकंप झालाय की काय?” दादा म्हणाला.

“भूकंप झाला असता तर आपल्यालाही कळला असता,” वहिनी म्हणाली.

“तो आपलं खातं नसेल,” दादा म्हणाला.

मला मात्र दुसरंच दिसत होतं. गुडघा पुरता वळलेला नव्हता, अर्धाच होता, आणि थरथरत होता. एरवी जाणवायचा तो हात धरल्याचा ताण त्यात नव्हता. एकोणीस वर्षं मी तो गुडघा वाचत होते. बाहेर कोणी नव्हतं. बाबा आपणच वळत होते.

हे भयंकर होतं, कारण कोणी न धरता वळणाऱ्या माणसाला आमच्याकडे बिघडलेला म्हणतात, आणि बिघडलेल्याला मोडीत काढतात. तळाला मोडीची खोली आहे. तिच्यात गेलेल्या माणसाचं काय होतं ते कोणी सांगत नाही. फक्त काही दिवसांनी त्याचा चष्मा एकाच्या नाकावर दिसतो आणि स्वेटर दुसऱ्याच्या अंगात.

तिसऱ्या प्रहरी शिक्केसाहेब आले. गुडघा जास्त वेळ वळलेला राहिला की यायचं, हे त्यांचं काम. बारीक अंगाचे, काखेत शाईची पेटी. त्यांनी बाबांच्या तळव्यांवर शिक्के मारले, एक, दोन, तीन, चार. गुडघा हलला नाही. चार शिक्के पुरे झाले की आडकाठीबाईंची पाळी; त्या आल्या. त्या अंगाने भरभक्कम. त्या सरळ माझ्या आणि बाबांच्या मधे येऊन बसल्या आणि बाबांचे दोन्ही पाय त्यांनी मांडीवर घेतले. आता गुडघा माझ्या खांद्याला लागणं शक्यच नव्हतं.

“बाई, जरा हळू धरा. डाव्या घोट्याला सूज आहे,” मी म्हटलं.

“नियम आहे,” आडकाठीबाई म्हणाल्या. त्या एवढंच बोलतात.

तरीही गुडघा वळतच राहिला. बाईंच्या मांडीवर तो थरथरत होता आणि मला ते बघवत नव्हतं.

शिक्केसाहेबांनी कागद काढला. “आता चादर घालून आत ओढावं लागेल. प्रश्न एकच. बाहेर माणूस आहे की नाही? असला तर हा नुसता दमलाय. धुऊन, पुसून परत बसवू. नसला तर बिघडलाय. मोडीत.”

“बारीकसं भोक पाडून बघू या का?” वहिनीने विचारलं.

सगळ्यांनी तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की ती पदर सावरू लागली.

“मग बाबांनाच विचारा ना,” मी म्हटलं.

“भिंतीतल्या माणसाची साक्ष चालत नाही,” शिक्केसाहेब म्हणाले. “तो आतला की बाहेरचा हे अजून ठरलेलं नाही. मास्तरांच्या वेळेपासून फाइल पडून आहे. साक्ष धावतीची. गुडघा तिला लागतो. बोल, माणूस आहे?”

“आहे,” मी म्हटलं. “धापाड्याच आहे. दोन्ही हातांनी धरलंय त्याने.”

“शपथ?”

“बाबांची शपथ,” मी म्हटलं, आणि कुणाची शपथ घेऊन बसले ते नंतर लक्षात आलं.

“मग धुणं होईपर्यंत विचार कर आणि लिहून दे. खोटं निघालं तर तुझीही रवानगी मोडीत,” असं म्हणून त्यांनी कागद माझ्या हातात दिला. माझी बोटं त्याच्याकडे वळली. तो फाडू नये म्हणून मी त्याच्यावर बसले.

मेण तापवून बाबांभोवती चादर गुंडाळली आणि हमालांनी ओढलं. बाटलीचं बूच निघावं तसा आवाज झाला. भोकाला फळी लावली आणि चादरीचं गाठोडं माझ्यापुढे ठेवलं. धुवायचं काम माझ्याकडे आलं, कारण पाय मीच धुवायचे. वेळ अर्धा तास. त्याहून जास्त भोक फळीवर ठेवता येत नाही, मेण धरत नाही.

मी चादर सोडली. आत एक म्हातारा होता. दाढी गुळगुळीत केलेली, कपाळ उन्हाने रापलेलं, आणि डोळे दादासारखे. मी हातातल्या तांब्यातलं पाणी त्यांच्यावर ओतायचं सोडून स्वतःच्या पायांवर ओतत राहिले. रडू येत होतं आणि लाजही वाटत होती. परक्या पुरुषासमोर उभं राहावं तसं झालं होतं.

म्हाताऱ्याने मला निरखून बघितलं. “तू धाकटी का?”

“हो.”

“जिवंत आहेस!” ते म्हणाले आणि त्यांनी माझा हात धरला. धरला म्हणजे असा धरला की माझी कंबर वळली. “सकाळपासून साखर पडेना. म्हटलं, पोर गेली की काय.”

मला काही कळेना. “कसली साखर?”

“पन्हळीतली. मी वळलो की थोड्या वेळाने साखर पडते. रोज पडते. आज वळलो, पडली नाही. म्हणून वळूनच राहिलो.”

“पण बाबा, धापाड्याने हात धरले नव्हते ना? आज त्याचा हात नव्हता. मला कळलं.”

बाबा म्हणाले, “तो दम लागलेला निरोप्या ना? तो यायचा बंद होऊन अकरा वर्षं झाली. गाव पुलापलीकडे गेलं. जाताना माझे हात धरून म्हणाला, आजोबा, आता इकडे घाबरायला कोणी उरलं नाही. आता माझ्यासमोर एक न्हावी आहे फक्त. माझी दाढी वाढते म्हणून तो राहिलाय. तोच दोन घास भरवतो.”

अकरा वर्षं! आज दमलाय, आज लांबून आलाय, आज हात गार आहेत! अकरा वर्षं मी बाबांनाच वाचत होते आणि पैजा मात्र धापाड्यावर जिंकत होते.

“मग आम्ही सोडलेली साखर?”

“न्हाव्याच्या चहाला लागते चिमूटभर. बाकी मुंग्या. हत्ती होऊन लाकडं ओढण्यापेक्षा मुंगी होऊन साखर खावी म्हणतात ना, ते मी समोर बघतो. एकेक मुंगी एवढी झालीय.” त्यांनी करंगळीचं पेर दाखवलं.

मला राग आला. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते हेच! आत्याची बोटं कड्या करून वाकडी झालीत, काकांना एक सलग झोप नाही, माझ्या कमरेला दोरीचा वळ पडलाय, आणि बाहेर मुंग्यांची चैन! “कशाला वळत होता मग तुम्ही? गप्प बसायचं की!”

“आत कोण आहे, काय आहे, मला काय दिसतं?” बाबा म्हणाले. “हाक मारली तर जात नाही. कंबर वळवता येते तेवढी. वळलो की साखर पडते. साखर पडली म्हणजे आत कुणीतरी माझ्या वळण्याने उठलं. ती माझी पोरगीच असेल असं मी धरून चाललो. तू काय करतेस आत? मी वळलो की काय होतं?”

“मी सुटते,” मी म्हटलं. “दादा-वहिनीपासून सुटते आणि धावते. बावीस पावलं.”

“बावीस!” बाबा खूश झाले. “म्हणजे वाया नाही गेलं.”

मी त्यांच्या पायांवरचे शिक्के घासू लागले. त्यांनी स्वतःचे पाय बघितले. एकतीस वर्षांनी बघत होते. वाकून वाकून बघितलं. “नखं कुणी कापली?”

“मी. दर आठवड्याला. तुम्हाला कळत नव्हतं?”

“कमरेखाली मला काही कळत नाही गं. पहिल्याच वर्षी बधिर झालं. वाटायचं, पाय गळून पडले असतील.” ते डावा अंगठा चाचपत राहिले. “तेल पण लावतेस?”

मी मान हलवली आणि टाच घासत राहिले. एवढी वर्षं मी त्यांच्या पायांशी बोलत होते, भांडत होते, रडून घेत होते, आणि त्यातलं काहीही वर पोचलेलं नव्हतं. आणि त्यांचं सगळं खाली पोचत होतं, ते मी दुसऱ्याच्या नावावर लावत होते.

चौकापलीकडून शिक्केसाहेब खाकरले. “दहा मिनिटं उरली. काय लिहिलंस?”

मी कागद काढला. बाबांनी त्यावरचा प्रश्न वाचला. “खरं लिही,” ते हळूच म्हणाले. “बाहेर कोणी नाही. खोटं लिहून तू कशाला मोडीत जातेस?”

“खरं लिहिलं तर उद्या तुमचा स्वेटर शिक्केसाहेबांच्या अंगात असेल.”

“त्यांना घट्ट होईल तो?”

“बाबा! तुम्हाला काय हवंय ते सांगा. मोडीत जायचंय?”

त्यांनी फळी लावलेल्या भोकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “मला परत बसव,” ते म्हणाले. “आता चेहरा बघितलाय. आता साखर पडली की नीट कळेल, कोण ते.”

मी लिहिलं, ‘बाहेर माणूस आहे.’ बाहेर सत्तर वर्षांचा एक माणूस कमरेपर्यंत होता, आणि कमरेपर्यंतचा माणूस मोजू नये असं मास्तरांनी कुठे लिहिलेलं नाही. सही केली. शिक्केसाहेबांनी शिक्का मारला, चादर गुंडाळली, हमालांनी लोटलं, मेण ओतलं. जाता जाता बाबा चादरीतून काहीतरी म्हणाले, ते नीट ऐकू आलं नाही. पाय तेवढे परत स्टुलावर आले, धुतलेले, ओळखीचे.

मी काकांना हाक मारून सांगितलं, “काका, पन्हळ तुंबलीय. ओल धरून ढेप बसली असेल. काठी घालून फोडा.”

“पन्हळ माझं खातं नाही,” काका म्हणाले आणि पांघरूण ओढून झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा वळला. अर्धाच वळला, थरथरत वळला. बाहेर कोणी नव्हतं आणि हे आता मला पक्कं ठाऊक होतं. मी शिळी चिठ्ठी टाकली, ताजी उचलली आणि धावले. आत्याच्या पाठीवर हात ठेवला. कड्या उडाल्या, काका उठले, हमाल हलले, साखर पन्हळीत गेली. आणि तिथेच बसली. धबधब आवाज नेहमीसारखा आलाच नाही. इतकी वर्षं मी त्या आवाजाकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. पान फाडून मी केव्हाच परतलेली असे.

बोटं तिसऱ्या पानाकडे गेली. मी ती दाताखाली धरली.

“अगं, फाड की आता,” आत्या म्हणाली. “माझे हात भरून आले.”

“आत्या, आज नाही फाडायची.”

“म्हणजे काय? तुला थांबवायला दुसरं कोणी नाही इथे!”

“ते माहीत आहे मला.”

दहा श्वास झाले, वीस झाले, शंभर झाले. बोटं चावून रक्त आलं. कड्या चौकात साठत गेल्या, काकांच्या गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, मग गळ्यापर्यंत. चार कड्यांनी जागा होणारा माणूस चार हजार कड्यांत उभा! हमाल वेड्यासारखे ढेपा फोडत होते आणि पन्हळ तोंडापर्यंत भरली होती. “बंद करा हा आचरटपणा!” काका कड्यांतून ओरडले. तिकडे बावीस पावलांवर गुडघा अजून वळलेलाच होता. काखेत पेटी घेऊन शिक्केसाहेब निघालेले मला दिसले. त्यांच्या मागे आडकाठीबाई होत्या.

त्यांनी पहिला शिक्का मारला. मी पान फाडलं नाही. दुसरा मारला. वहिनी उभी राहिली, आणि ती उभी राहिली म्हणून दादाही उभा राहिला. तिसरा मारला. त्यांनी चौथा उचलला तेवढ्यात काकांचा तोल सुटला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या खात्याबाहेर पाय टाकला, म्हणजे पन्हळीला सणसणीत लाथ मारली.

ढेप फुटली. दोन दिवसांची साखर एकदम बाहेर गेली. इतका मोठा आवाज मी त्या कोठारात कधी ऐकला नव्हता. तो थांबेपर्यंत कोणी हललं नाही. न्हाव्याचं दुकान वाचलं असेल अशी आशा आहे.

मग बाबांचा गुडघा सरळ झाला. अगदी सावकाश सरळ झाला, आणि पाय स्टुलावर नीट जुळून बसले.

शिक्केसाहेबांनी चौथा शिक्का पेटीत ठेवला. मी तिसरं पान फाडलं आणि दादा-वहिनीजवळ जाऊन बसले.

“काय गं,” वहिनीने विचारलं, “आज कोण आलं होतं?”

“बाबा,” मी म्हटलं.